उजव्याचा मान वरचा

आमच्या ट्रॅक्टरचं स्टेअरिंग मी स्वतःच्या हातानं दुरुस्त केलं, आणि त्या दिवसापासून तो डावीकडे वळवला की उजवीकडे जायचा.

हे वाक्य मी बऱ्याच जणांना ऐकवून पाहिलंय. ऐकणारा आधी हसतो आणि मग विचारतो, "म्हणजे कसं?" मी हातानं करून दाखवायला जातो आणि दाखवता दाखवता माझाच गोंधळ उडतो. तेव्हा पहिल्यापासूनच सांगतो.

कळंबच्या एका कचेरीत मी आवक-जावक बाबू होतो. आलेला कागद एका वहीत, गेलेला कागद दुसऱ्या वहीत. अकरा वर्षांत माझ्या हातून एक कागद इकडचा तिकडे झाला नाही. (साहेब इकडचे तिकडे झाले, कागद नाही!) आमचं गाव कळंबपासून सायकलीच्या टप्प्यात, आणि घराला लागूनच आमचं वावर. वावर बाबा बघायचे. ते दिवस कापसाचे फार वाईट होते. पेपरात रोज आमच्या जिल्ह्याचं नाव यायचं, आणि ते कशासाठी येतं हे सगळ्यांना ठाऊक असायचं. दर पंधरा दिवसांनी कुणीतरी पाहणीला यायचं, धुऱ्यावर (म्हणजे बांधावर) उभं राहून हातात बोंड घेऊन फोटो काढायचं, आणि जाताना एक सल्ला देऊन जायचं. त्यातला एक सल्ला माझ्या डोक्यात बसला: बैल काढा, यंत्र घ्या.

मी घरी येऊन तो सल्ला इतक्या जोरात मांडला की माय चुलीवरचं वरण ढवळायची थांबली. बाबा नाही म्हणाले नाहीत. हो पण म्हणाले नाहीत. बैलजोडी गेली आणि वणीकडच्या एका माणसानं वापरलेला, पावर स्टेअरिंगवाला ट्रॅक्टर आमच्या अंगणात येऊन उभा राहिला. मी नारळ फोडला. बाबा गोठ्याच्या दारात जाऊन बसले ते तिथेच बसले.

तीन महिने! चाळीस वर्षं ज्या माणसाचे हात कासऱ्यावर नाहीतर डवऱ्याच्या रुमण्यावर होते, तो माणूस रिकामे हात मांडीवर ठेवून रिकाम्या गोठ्याकडे बघत राहायचा. (डवरा म्हणजे बैलांमागचं कोळपं; रुमणं ही त्याची मूठ आणि पास हे त्याचं जमिनीतलं पातं.) जेवण अर्ध्यावर. माझ्याशी तर एक शब्दही नाही. त्या वर्षांत घरातला माणूस असा गप्प झाला की बायका त्याच्यावर नजर ठेवायच्या. मायनं फवारणीची औषधं लोखंडी पेटीत घालून कुलूप लावलं होतं आणि किल्ली स्वतःच्या गळ्यातल्या पोतीला बांधली होती.  मला भीती वाटत होती, हे खरं. बैल काढायची अक्कल माझी, तेव्हा बाबांना त्या दारातून उठवायचं कामही माझंच होतं.

"दिनू," माय एकदा म्हणाली, "तुह्या बाबाले बसव बरं त्या ट्रॅक्टरवर."

"बसतील का?"

"नाई बसणार. पण तू विचारून त पाय."

मी विचारलं. बाबांनी एकदा ट्रॅक्टरकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा गोठ्याकडे तोंड केलं. त्यांचं उत्तर मला कळलं.

ट्रॅक्टर मग मीच चालवायचो, रविवारी आणि सुटीला. शिकवलं होतं बंजाऱ्यांच्या तांड्यावरच्या भीमसिंगनं. त्याचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूखभर हिंडायचे, आणि तो स्वतः वीस वर्षं लोकांचे ट्रॅक्टर चालवत होता. सगळ्यांना तो 'भिया' म्हणायचा (म्हणजे त्यांच्या बोलीत भाऊ). मी चालवायला बसलो की मात्र तो 'अरे देवा' म्हणायचा.

चैत्रातली गोष्ट. कापसाची पऱ्हाटी उपटून झाली होती आणि मोकळ्या वावरात मी ट्रॅक्टर फिरवत होतो. एक खुंट तेवढा उपटायचा राहून गेला होता. अख्ख्या वावरात बरोबर तोच खुंट मला सापडला, आणि त्यानं स्टेअरिंगच्या तेलाचा पाइप खालून फाडला! तेल भळभळा वाहून गेलं आणि स्टेअरिंगचं चाक असं जड झालं की दोन्ही पाय टेकवून ओढावं लागलं.

आता हे स्टेअरिंग कसं चालतं ते भीमसिंगनं मला आधीच समजावलं होतं. चाकाखालच्या डब्यातून दोन पाइप पुढच्या चाकांकडे जातात. एका पाइपातून तेल गेलं की ट्रॅक्टर डावीकडे वळतो, दुसऱ्यातून गेलं की उजवीकडे. बस्स. पण भीमसिंग नेमका राजूरला लेकीकडे गेलेला, आणि यवतमाळचा मेकॅनिक म्हणाला, आठ दिवसांनी येतो. आठ दिवस ट्रॅक्टर अंगणात मरून पडलेला बाबांना दिसणार! 'यासाठी काढले का माझे बैल?' असं ते तोंडानं म्हणाले नसते, पण मला ते ऐकू आलं असतं. मी ठरवलं, आपणच करायचं. पाइप बदलायचा म्हणजे काय, नट सोडायचे आणि नट आवळायचे!

कचेरीत कागद हलवण्याआधी त्यावर खूण करतात. बदलायचे तर जोडीनं, म्हणून मी दोन्ही पाइप काढले, दोन चिठ्ठ्या लिहिल्या, 'डावा' आणि 'उजवा', खाली तारीख घातली, छोटी सही केली आणि फायलीच्या दोऱ्यानं त्या पाइपांना बांधल्या. मग पाइप घेऊन यवतमाळला गेलो. दुकानदारानं जुने पाइप नव्यांशेजारी ठेवून लांबी पाहिली, नवे माझ्या हातात दिले आणि जुने मागच्या भंगारात भिरकावले. माझ्या सहीसकट!

मी भंगारात उतरलो. चिठ्ठ्या शोधून काढल्या आणि नव्या पाइपांना बांधू लागलो.

"भाऊ, दोन्ही सारखेच हायेत," दुकानदार म्हणाला.

"सारखे असतील, पण यातला एक डावा आहे."

"कोणता?"

"चिठ्ठी बांधली की कळेल."

 त्यानं दुसऱ्या गिऱ्हाइकाला हाक मारली.

घरी येऊन ट्रॅक्टरखाली शिरलो. पुढच्या टोकाशी काहीच अडचण नव्हती. एक तोंड डावीकडे, एक उजवीकडे. चिठ्ठी वाचायची आणि जोडायचं! पण दुसरी टोकं जोडायला डब्यापाशी आलो तर तिथली दोन तोंडं एकावर एक होती. एक वर, एक खाली. आता यातलं डावं कुठलं? वरचं डावं की खालचं? अकरा वर्षांच्या नोकरीत असा प्रश्न माझ्या टेबलावर आला नव्हता.

"माय," मी खालूनच ओरडलो, "उजव्याचा मान मोठा की डाव्याचा?"

"उजव्याचाच," माय म्हणाली. "डाव्या हातानं कोणी परसाद घेते का बाप्पा?"

बरोबर होतं. उंबरठा ओलांडताना उजवा पाय, ओवाळताना उजवा हात. मानाचा असतो तो वर बसतो. मी उजवा पाइप वर जोडला, डावा खाली जोडला, तेल भरलं आणि हात पुसत बाहेर आलो. इतकं समाधान मला बढतीच्या दिवशीही झालं नव्हतं.

रविवारी सकाळी ट्रॅक्टर सुरू केला. चाक एका बोटानं फिरू लागलं! "बाबा, पाहा," मी ओरडलो. बाबांनी मान वळवली. तीन महिन्यांत पहिल्यांदा ते मला ट्रॅक्टरवर बघत होते. मी ऐटीत चाक डावीकडे फिरवलं, आणि ट्रॅक्टर उजवीकडे जाऊन सरपणाच्या ढिगात घुसला.

"दिनू! डावीकडे घे!"

"डावीकडेच घेऊन राह्यलो, माय!"

"मंग हे उजवीकडे काहून जाऊन राह्यलं?"

मी माझे हात पाहिले. हा डावा, याच्यावर घड्याळ आहे. हा उजवा, यानं मी जेवतो. मग उपाशीपोटी चक्कर आली असेल असं वाटलं, म्हणून उतरून दोन पोळ्या खाल्ल्या. तोवर मायनं ट्रॅक्टरवरून मीठ-मिरची ओवाळून टाकली. (मिरचीचा ठसका लागला. म्हणजे नजर नव्हती! ती असती तर ठसका लागला नसता, असं माय म्हणाली.) नजर नाही, चक्कर नाही, तर मग तेल अजून मुरायचं असेल असा निष्कर्ष काढून मी पुन्हा चढलो. अंगणातून वावरापर्यंत पन्नास पावलं. ती मी दोनशे पावलांत केली, पण पोचलो.

आमच्या वावराला लागून काकांचं वावर. मधे धुरा. त्या धुऱ्यापायी बाबा आणि काका बारा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते, आणि मागच्या पोळ्याला कुठे 'काय दादा' आणि 'काय बापू' एवढ्यावर गाडी आली होती. हे डोक्यात होतं म्हणून मी धुऱ्यापासून चांगला दूर होतो. तरी तास (म्हणजे नांगरटीची ओळ) सरता सरता ट्रॅक्टर धुऱ्याकडे जरा सरकला. मी घाबरून चाक झटक्यानं उलट्या बाजूला फिरवलं. त्याबरोबर ट्रॅक्टर धुरा ओलांडून थेट काकांच्या सांभाराच्या वाफ्यात! (पुण्या-मुंबईचे लोक सांभाराला कोथिंबीर म्हणतात. वास तोच.)

काका विहिरीवरून धावत आले.

"अबे दिन्या! बारा वर्षं तुहा बाप वीत-वीत सरकून राह्यला होता, तू त एकदम ट्रॅक्टरच आणला!"

"काका, मी तिकडे वळवलं, ते इकडे आलं!"

"मले इकडे-तिकडे शिकवू नको! मांगं घे!"

मी मागे घेतला. भेंडी गेली.

"आता पुढं घे!"

पुढे घेतला. वांगी गेली. काकांनी डोक्याला हात लावला आणि ते खालीच बसले.

तेवढ्यात देवासारखा भीमसिंग आला. राजूरहून परत येऊन तो तांड्याकडे निघाला होता. त्यानं पिशवी धुऱ्यावर ठेवली, मला खांद्याला धरून खाली उतरवलं आणि म्हणाला, "सरक भिया, हे लेखणीवाल्याचं काम नाई." तो बसला. चाक वळवलं. ट्रॅक्टर उरलेल्या सांभारातून गोल फिरून विहिरीच्या दिशेनं निघाला! त्यानं करकचून ब्रेक लावला.

"वीस वर्षं झाले," तो हळूच म्हणाला, "आज पयल्यांदा मले डावं-उजवं समजून नाई राह्यलं."

आता गाव जमलं. जमलेला प्रत्येक जण हुकूम सोडू लागला. "डावीकडे घे!" "अबे, त्याचं डावं म्हंजे आपलं उजवं!" "कोणाचं उजवं? तुहं का माह्यं?" एकानं सुचवलं की डाव्याला उजवं समजून चालवावं. भीमसिंग म्हणाला, "डोक्याले समजलं हाय गा. हाताले समजून नाई राह्यलं!" मग सगळ्यांनी आपापले हात हवेत धरून चाक फिरवून पाहिलं. आठ माणसं भर उन्हात हवा वळवत होती, आणि विहीर समोर चार हातांवर होती. धक्का मारून मागे न्यावा तर मागे जोडलेला कल्टिव्हेटर जमिनीत रुतलेला.

"उतर."

आवाज मागून आला. गर्दी बाजूला झाली. बाबा उभे होते.

"बाबा, तुम्ही?"

"उतर म्हणतो ना त्याले."

भीमसिंग उतरला. बाबा चढले, धोतराचा सोगा मांडीखाली दाबला आणि चाकाकडे नीट पाहिलं. क्लच आणि गिअर त्यांना कुठून येणार? ते भीमसिंगनं बाजूला उभं राहून सांभाळलं. बाबांनी दोन्ही तळहात चाकावर ठेवले. त्यांनी चाक फिरवलं नाही, एका अंगाला नुसतं दाबलं. ट्रॅक्टर विहिरीपासून वळला, वाफे सोडून बांधाच्या कडेनं आला, धुरा एकाच जागी ओलांडला आणि आमच्या वावरात सरळ तासाला लागला.  

"दादा," काका धुऱ्यावरून ओरडले, "हे कसं जमवलं रे?"

"यात काय हाय जमवाले?" बाबा म्हणाले. "डवऱ्याचं रुमणं इकडे दाबलं की पास तिकडे सरकते. चाळीस वर्षं तेच त केलं. तुमी सारे उगाच वळवून राह्यले."

आणि ते खाली उतरलेच नाहीत! अख्खं वावर करून घरी आले, तीन भाकरी खाल्ल्या आणि मला म्हणाले, "तेल टाकून ठेवजो उद्याले." माय माझ्याकडे बघून पदरानं डोळे पुसत होती आणि मी ताटात बघत होतो.

इथे मी थांबायला हवं होतं. पण बाबू म्हणजे चुकीची दुरुस्ती करणारा प्राणी. दुसऱ्या दिवशी भीमसिंगनं डब्यावरचं ग्रीस खरवडलं. खाली दोन्ही तोंडांशी इंग्रजी अक्षरं कोरलेली होती, एल आणि आर. एल वर होतं.

"आवक-जावक बाबू," तो म्हणाला, "तेलाची आवक कुठी अन् जावक कुठी, एवढं त पाहाचं!"

"कुणाला सांगू नको," मी म्हटलं. पुढच्या रविवारी बाबा कळंबच्या चिंतामणीच्या दर्शनाला गेले तेव्हा आम्ही दोघांनी पाइप बरोबर जोडून टाकले. भीमसिंगनं चक्कर मारून पाहिली. डावं डावीकडे, उजवं उजवीकडे. आता बाबांना आणखी सोपं जाईल, असा माझा हिशेब होता.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली होती; सकाळी बाबा बसले, शेजारी भीमसिंग उभा राहिला. बाबांनी चाक दाबलं. ट्रॅक्टर गोठ्याच्या भिंतीकडे गेला. त्यांनी घाईनं आणखी दाबलं, तर भिंतीला जाऊन भिडला. चार विटा पडल्या. बाबांनी हात उचलून समोर धरले आणि ते उलटसुलट करून पाहिले.

"हात गेले माह्ये," ते म्हणाले. "कालपर्यंत होते."

ते उतरले आणि गोठ्याच्या दारात जाऊन बसले. दुपारी अर्धी भाकरी ताटात राहिली. भीमसिंग माझ्याकडे बघेना. मला वाटलं, हे जमिनीचं पोट आत्ता फाटावं आणि मला आत घ्यावं. बाबांना खरं सांगायला गेलो, तर "हाव, हाव" म्हणून त्यांनी मान हलवली. मी त्यांची समजूत काढतोय असं त्यांना वाटलं.

मग मी पाने घेतले आणि ट्रॅक्टरखाली शिरलो. उलटं जोडायचं, एवढंच! खात्रीसाठी मी डब्याकडची टोकंही बदलली आणि पुढचीही बदलली. सुरू करून पाहिला, तर डावं डावीकडे! दोनदा उलटं म्हणजे सुलटं, हे मला अर्ध्या तासानं कळलं. पुन्हा सगळं सोडलं. आता यातलं बरोबर कोणतं आणि चूक कोणतं, आणि मला हवं असलेलं चूक हे बरोबर धरायचं की चूक, याचा विचार करता करता डोकं गरगरायला लागलं. चेहरा तेलानं माखला. माय वाकून बघायला लागली.

"काय करून राह्यला रे दिनू?"

"बिघडवून राह्यलो, माय!"

"मंग नीट बिघडव."

शेवटी वैतागून, डोळे मिटून, जे तोंड हाताला लागलं त्याला जो पाइप हाताला आला तो जोडला. सुरू केला. चाक डावीकडे फिरवलं. ट्रॅक्टर उजवीकडे गेला! मी आनंदानं ओरडलो. मागे पाहिलं तर बाबा उभे होते. सगळा वेळ ते गोठ्याच्या दारातून माझी धडपड बघत होते.

 ते चढले, तळहात ठेवले, दाबलं आणि वावराकडे निघाले. भीमसिंग धावत जाऊन शेजारी चढला.

पुढे पाच-सहा वर्षं तो ट्रॅक्टर बाबांनीच चालवला. क्लच-गिअरही शिकले. येणाराजाणारा धुऱ्यावर थांबून विचारायचा, हा उलटा कसा काय वळते? बाबा ट्रॅक्टर थांबवून, इंजिन बंद करून, सावकाश सांगायचे, "पोरानं मुद्दाम बनवला माह्यासाठी. बाप डवऱ्यावाला हाय, त्याच्या हाताले सवयीचं पायजे म्हणून दिवसभर खाली पडून केलं. शिकलेलं पोरगं हाय."

त्यामुळे आसपासच्या गावांत माझं नाव झालं. म्हाताऱ्यांसाठी ट्रॅक्टर करून देणारा इंजिनेर! तीन-चार जण तर आपले ट्रॅक्टर घेऊन दारात आले. कचेरीत काम फार आहे, असं सांगून मी त्यांना वाटेला लावलं. खरं कारण कुणाला सांगणार? ते काम मला फक्त चुकूनच जमतं.